अंगणातील तण आणि शेजारधर्म

महसूल खात्यात कारकुनी करून ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाने शेतकीच्या मासिकात लेख लिहावा, हे कित्येक वाचकांस धाष्टर्याचे वाटेल. प्रस्तुत लेखक शेतकी शाळेत शिकलेला नाही. वडिलोपार्जित साडेचार एकर जमीन व गावालगतचे घर एवढीच त्याची शेतकऱ्यांच्या पंक्तीत बसण्याची पात्रता होय. तथापि, सरकारी दप्तरात तीस वर्षांहून अधिक काळ दुसऱ्यांच्या जमिनींची नोंद ठेवताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि निवृत्तीनंतर तीच गोष्ट स्वतःच्या अंगणात मला पुरते महाग शिकवून गेली. सबब, ती बांधवांपुढे मांडण्याचे मी धाडस करीत आहे.

सात-बाराच्या उताऱ्यात क्षेत्राचा रकाना आहे, आकाराचा आहे, पोटखराब्याचा आहे, पिकाचा आहे आणि विहिरीचाही आहे. तणाचा रकाना मात्र त्यात नाही. वस्तुतः शेतकऱ्याच्या उत्पन्नातून दरसाल बिनचूक आपला वाटा उचलणारा, सरकारी साऱ्यापेक्षा कित्येक पटीने अधिक वसूल करणारा आणि दुष्काळातही सूट न देणारा असा दुसरा भागीदार नाही. निंदणीला किती मजुरी गेली, कोळपण्या किती झाल्या, हे आपण सर्व जण तोंडपाठ सांगतो. परंतु हे तण आले कोठून, असे विचारले तर आपण आकाशाकडे बोट दाखवितो. माझे म्हणणे असे की, त्यातील बराच मोठा भाग आपल्याच घराच्या अंगणातून, उकिरड्यातून आणि बांधावरून शेतात जातो. ज्या गावात शेते स्वच्छ आणि परसू मात्र रानासारखे माजलेले, त्या गावची निंदणी कधीही संपावयाची नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अलीकडे आपल्या भागात घरबांधणीची रीत पालटली आहे. माळवदाच्या घरांच्या जागी बंगले झाले, शेणाने सारवलेल्या अंगणाच्या जागी फरशी आली आणि फरशीपुढे हिरवळ असावी अशी हौस प्रत्येकास वाटू लागली. ह्या हौसेस मी नावे ठेवीत नाही. आयुष्यभर ढेकळांत राबलेल्या माणसास सायंकाळी चार घटका मऊ गवतावर बसावेसे वाटले, तर त्यात गैर काहीच नाही. परंतु हौसेच्या बागेतूनच देशावर मोठमोठी संकटे आलेली आहेत, हे विसरून चालणार नाही. डोंगरउतारावर गुरांचे कुरण गिळून बसलेली घाणेरी १८०९ साली कलकत्त्याच्या सरकारी बागेत शोभेचे झुडूप म्हणून लावली गेली होती. नद्यांचे पाणी झाकून टाकणारी जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालात आणली गेली. ह्या दोन्ही वनस्पतींनी बागेचे कुंपण ओलांडले, त्या वेळी त्यांस अडविण्यास कोणीही पुढे आले नाही. कारण कुंपणाबाहेरची जागा कोणाचीच नव्हती. गाजर गवताची हकीकत थोडी निराळी आहे. ते हौसेने कोणी लावलेले नाही. मूळचे अमेरिका खंडातील हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात लोकांच्या नजरेस आले आणि अवघ्या काही दशकांत त्याने सारा देश व्यापला. त्याचे एक चांगले वाढलेले झाड दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत बी टाकते. अंगणाच्या कोपऱ्यात दुर्लक्षाने वाढलेल्या एका झाडाचा हा हिशेब आहे. वाचकांनी तो आपल्या बांधाच्या लांबीने गुणून पाहावा.

आता माझी स्वतःची हकीकत सांगतो. ती सांगताना मला संकोच होतो. तथापि दुसऱ्यांच्या चुकांची यादी देऊन स्वतःची झाकून ठेवणे बरे नव्हे.

निवृत्त झाल्यावर मी घरापुढील मोकळ्या जागेत हरळीची हिरवळ करावयाचे ठरविले. जागा उन्हाळ्यात खणावी, दोन वेळा पाणी देऊन तण उगवू द्यावे, ते काढून टाकावे आणि मगच लागण करावी, असे एका अनुभवी माळ्याने मला सांगितले होते. परंतु मला घाई झाली होती. पावसाच्या तोंडावर जागा वरवर खणली, न कुजलेल्या शेणखताची ट्रॉली विकत घेऊन पसरली आणि हरळीच्या काड्या टोचल्या. महिनाभरात हरळी दिसेना. दिसले ते माठ, घोळ, दुधी आणि गाजर गवत. खताबरोबर लव्हाळ्याच्या गाठीही आल्या होत्या, हे मागाहून कळले. घरचे झाले थोडे अन् व्याह्याने धाडले घोडे, अशी गत झाली. विकत घेतलेले खत म्हणजे विकत घेतलेले तण होते.

निंदण्यास बाई मिळेना. मी दुकानात गेलो आणि हरळीला धक्का न लावता रुंद पानांचे तण मारणारे औषध मागितले. दुकानदाराने २,४-डी ची बाटली दिली. हे औषध दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधले गेलेले असून गवतवर्गीय वनस्पती त्याच्यापुढे टिकतात व रुंद पानांच्या मरतात, हे खरेच आहे. मी पाठीवरचा पंप भरला आणि फवारणी केली. आठ-दहा दिवसांत माठ व गाजर गवत पिळवटून वाळले. माझ्या हुशारीचा मला फार अभिमान वाटला. पंपात एकदा पाणी घालून तो खळबळून ओतला आणि खुंटीला टांगून ठेवला.

त्याच आठवड्यात शेजारचे आप्पा आले. त्यांच्या कपाशीवर मावा व तुडतुडे दिसू लागले होते आणि त्यांचा पंप नादुरुस्त होता. ते म्हणाले, “भाऊसाहेब, एक दिवस पंप द्या.” मी आनंदाने दिला. पंपातून काय फवारले होते हे सांगण्याचे मला सुचले नाही. त्यांनीही विचारले नाही.

पुढे बारा-पंधरा दिवसांनी आप्पांनी मला शेतावर बोलाविले. कपाशीची नवी पाने पंजासारखी रुंद न येता भेंडीच्या पानासारखी अरुंद व लांबट आली होती, शिरा एकमेकींजवळ दाटल्या होत्या, शेंडे वाकडे झाले होते आणि पात्या गळून पडत होत्या. आप्पांनी विचारले, “भाऊसाहेब, तुम्ही इतकी वर्षे नुकसानीचे पंचनामे लिहिलेत. हा कोणता रोग असावा?”

पंचनाम्याची सवय असलेल्या माणसाने बांधावरून एक फेरी मारली. ज्या कोपऱ्यापासून आप्पांनी फवारणी सुरू केली होती, तेथील ओळी सर्वांत अधिक बिघडल्या होत्या. दुसरा पंप भरला तेथून बिघाड कमी, तिसऱ्यापासून त्याहून कमी आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला कपाशी निरोगी होती. रोग असा पंप मोजून येत नाही. माझ्या ध्यानात सर्व प्रकार आला, आणि मी म्हणालो, “पाहू या, विचारून सांगतो.”

चार दिवस मी काहीही बोललो नाही. त्या चार दिवसांत आप्पांनी दुकानातून रोगावरची म्हणून दोन औषधे आणली आणि मारली. चोराच्या मनात चांदणे म्हणतात, त्याचा अर्थ मला त्या वेळी उमगला. आप्पा बांधावर दिसले की मी घरात जात असे. शेवटी घरातून बोलणे झाले. मंडळी म्हणाली, “अहो, इतकी वर्षे लोकांच्या नुकसानीचा आकडा तुम्ही जसाच्या तसा मांडलात, असे तुम्हीच सांगता. मग आपल्या हातून झालेले नुकसान मांडताना लेखणी का अडते?” ह्यावर मजजवळ उत्तर नव्हते. मी त्याच सायंकाळी आप्पांकडे गेलो आणि सर्व सांगितले.

आप्पा रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून ते इतकेच म्हणाले, “चार दिवस आधी सांगितले असते, तर ह्या दोन बाटल्यांचे पैसे तरी वाचले असते.” नुकसानभरपाई म्हणून मी जी रक्कम नेली होती, तीतून त्यांनी त्या दोन बाटल्यांची किंमत घेतली व उरलेली परत केली. बिघडलेले शेंडे खुडून, पाणी व खत देऊन कपाशी पुष्कळशी सावरली. परंतु पहिल्या ओळींचा पहिला बहर गेला तो गेलाच. आज आमचे बोलणे-चालणे पूर्वीसारखे आहे. तथापि त्यानंतर आप्पांनी माझ्याकडून पंप मागून नेलेला नाही.

आणि ज्या हिरवळीसाठी हे सर्व झाले, तिचे काय? रुंद पानांचे तण मेल्याने मोकळ्या झालेल्या जागेत लव्हाळा पसरला. त्यास त्या औषधाने म्हणण्यासारखे काहीच केले नाही. एक चोर हाकलून दुसऱ्यास दार उघडून दिले, एवढीच माझी कमाई.

ह्या अनुभवानंतर मी तणासंबंधी जे वाचले, विचारले व करून पाहिले, त्याचे सार थोडक्यात देतो. पहिली गोष्ट अशी की, सर्व तणांस एकच उपाय लागू पडत नाही. शत्रूचे घराणे ओळखल्यावाचून लढाई करू नये. तणांची सामान्यतः दोन घराणी मानता येतील. एक बियांवर जगणारे आणि दुसरे जमिनीखालील गाठींवर अथवा मुळ्यांवर जगणारे.

माठ, घोळ, दुधी, गाजर गवत ही पहिल्या घराण्यातील होत. ह्यांचे सारे बळ बियांत असते, आणि फुलावर येण्यापूर्वी उपटले की त्यांचा वंश तेथेच खुंटतो. गाजर गवत उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येते. म्हणजे पाऊस सुरू झाल्यापासून दर तीन आठवड्यांनी अंगणात एक फेरी मारणे पुरे आहे. ते उपटताना हातमोजे घालावेत, कारण पुष्कळांस त्याने अंगास खाज व चट्टे येतात आणि दम्याचा त्रासही होतो. फुलापूर्वी उपटलेले गाजर गवत खताच्या खड्ड्यात घालण्यास हरकत नाही. फुलावर आलेले मात्र घालू नये. मेक्सिकोतून १९८३ साली आपल्या देशात आणलेले भुंगेरे पावसाळ्यात ह्या गवताची पाने खातात. ते दिसल्यास मारू नयेत, व तेथे औषध फवारू नये. मोकळ्या जागेत टाकळा वाढू दिल्यास तोही गाजर गवतास दाबतो. रिकामी जागा तणाची असते; जेथे आपण काही लावीत नाही, तेथे निसर्ग आपल्या मर्जीने लावतो.

दुसऱ्या घराण्यात लव्हाळा व हरळी येतात. संतांनी लव्हाळ्याची नम्रता वाखाणली आहे. परंतु त्याची नम्रता जमिनीच्या वर आहे, खाली तो फार हट्टी आहे. त्याच्या गाठी एकमेकींशी तारेसारख्या मुळ्यांनी जोडलेल्या असतात आणि बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत असतात. खुरप्याने वरचे पान तोडले की माळ तुटते आणि इतके दिवस झोपलेल्या गाठी जाग्या होतात. एकाचे चार होतात ते असे. सबब, लव्हाळा एकदा खुरपून सोडणे म्हणजे त्याची लागवड करणे होय. उन्हाळ्यात जागा वीतभर खोल खणून, माती चाळून गाठी वेचाव्यात व उन्हात वाळवाव्यात. ज्या राहतील त्यांची पाने दर दोन-तीन आठवड्यांनी, एकही पाळी न चुकविता कापीत जावे. पानावाचून गाठीस अन्न मिळत नाही व ती हळूहळू क्षीण होते. लव्हाळ्यास सावली सोसत नाही. म्हणून अशा जागी एक हंगाम ताग अथवा चवळी दाट पेरावी. पाणी साचून राहत असेल तर आधी त्याचा निचरा करावा, कारण सदा ओली जागा लव्हाळ्यास फार मानवते.

हरळीची गंमत अशी की, तिचीच एकवीस कोवळी पाती आपण दूर्वा म्हणून गणपतीस वाहतो आणि तिलाच शेतात शिव्या देतो. अंगणात ती उत्तम दासी आहे, शेतात ती फार वाईट धनीण. म्हणून हिरवळीच्या कडेने वीतभर खोल फरशा उभ्या गाडाव्यात आणि बाहेर धावणारे तिचे धुमारे दर महिन्यास कापावेत. कापलेले धुमारे उकिरड्यावर टाकू नयेत; ते तेथे रुजतात आणि खताबरोबर शेतात जातात. फरशीवर कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच टाकावेत.

हिरवळ लहान ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. चार खाटा मावतील एवढी हिरवळ शेतकऱ्यास पुरे. आपल्या भागात उन्हाळ्यात माणसा-गुरांच्या पाण्याची ओढ असते. तेथे गुंठा गुंठा गवत भिजवीत बसणे शोभत नाही. उरलेल्या जागेत भाजीपाला, कढीपत्ता, लिंबू, जास्वंद, मोगरा लावावा आणि मधल्या मातीवर पालापाचोळ्याचा चार बोटे थर द्यावा. ह्या थराने ओल टिकते, आणि उजेड न मिळाल्याने तणाचे बी रुजत नाही. पालापाचोळा जाळणाऱ्यांनी ह्याचा अवश्य विचार करावा.

लागणीपूर्वीची तयारी हेच हिरवळीचे निम्मे काम आहे. चैत्र-वैशाखात जागा खणून, भिजवून, तीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद घट्ट अंथरावा, कडा मातीने बुजवाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसाच ठेवावा. खानदेशच्या उन्हाने खालची माती इतकी तापते की, वरच्या थरातील पुष्कळसे बी मरते. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र ह्याने पुरत्या मरत नाहीत; त्यांस खणूनच काढले पाहिजे. खत पूर्ण कुजलेलेच घालावे. ढीग ओलसर ठेवून दोन-तीन वेळा उलथापालथ केली, तर तो आतून ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो व त्यातील बहुतेक बी मरते. थंड पडून राहिलेला उकिरडा म्हणजे तणाच्या बियांचे कोठार होय.

हिरवळ धरल्यावर ती फार खाली भादरू नये. पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक एका वेळी कापू नये आणि दीड इंच उंची राखावी. फार खाली कापल्याने गवताचे मूळ दुबळे होते, जमीन उघडी पडते आणि उघड्या जमिनीत तण शिरते. रोज थोडे शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी, मुळापर्यंत पोचेल असे पाणी द्यावे. दाट व निरोगी हिरवळ हीच तणावरची सर्वांत स्वस्त राखण आहे. ती झाली की आठवड्यातून अर्धा तास खुरपे घेऊन बसणे पुरते. मी स्वतः पहिली हिरवळ मोडून ह्या रीतीने दुसऱ्यांदा लागण केली. लव्हाळा अद्यापि अधूनमधून डोके काढतो. परंतु आता तो पाहुणा आहे, मालक नाही.

ह्यावर काही बांधव म्हणतील, “मजूर मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, तणनाशकावाचून आजची शेती होणे नाही, आणि हे गृहस्थ आम्हांस खुरपे घेऊन बसा म्हणतात.” हा आक्षेप खोटा नाही. दहा एकर पिकात बाया न मिळाल्यास शेतकऱ्याने काय करावे, ह्याचे उत्तर निवृत्तिवेतन घेणाऱ्या कारकुनाने देऊ नये. त्या पिकासाठी शिफारस असलेले औषध, सांगितलेल्या प्रमाणात, सांगितलेल्या वेळी, वारा पडलेला असताना वापरणाऱ्यास मी दोष देत नाही. माझा वाद अंगणापुरता आहे. अंगण दोन-तीन गुंठ्यांचे असते. तेथे मुले खेळतात, कोंबड्या चरतात, धान्य वाळते आणि बाजूलाच पिण्याच्या पाण्याची टाकी असते. तेथील तण काढण्यास मजूर लागत नाही, घरची माणसे पुरतात. तेथे विष शिंपण्याची सबब एकच उरते आणि ती म्हणजे आळस. माझ्या स्वतःच्या बाबतीत तीच होती.

औषधांची कायदेशीर बाजूही ध्यानात घ्यावी. ग्लायफोसेट हे सर्व तण मारणारे औषध पुष्कळ जण अंगणात व बांधावर मारतात. आपल्या देशात त्याची नोंदणी चहाचे मळे व पीक नसलेली जागा एवढ्यापुरतीच होती, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने अधिसूचना काढून, कीटकनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांखेरीज इतरांनी ते वापरू नये असे ठरविले. पॅराक्वाटवर तर उतारा म्हणून औषधच नाही. ते पोटात गेले तर वैद्यासही फारसे काही करता येत नाही. अशी बाटली ज्या घरात मुले व वृद्ध आहेत, तेथे खुंटीवर अथवा फडताळात राहता कामा नये. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर प्राणास मुकले. ती औषधे कीटकनाशके होती, तणनाशके नव्हेत. परंतु पंप तोच, पाठ तीच आणि बेफिकिरीही तीच.

आता संस्थेच्या सभासदांपुढे चार सूचना ठेवतो.

पहिली, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा आणि त्यावर तांबड्या रंगाने मोठी खूण करावी. तो पंप कीटकनाशकासाठी कोणी मागितला, तर स्नेहाखातरही देऊ नये. ज्यास दोन पंप परवडत नाहीत, त्याच्यासाठी संस्थेने एक सामाईक पंप ठेवावा. त्याची किंमत एका शेतकऱ्याच्या बुडालेल्या बहरापेक्षा खचित कमी असेल.

दुसरी, शेजारी कपाशी, द्राक्षे अथवा भाजीपाला असेल तेथे २,४-डी मारावयाचे झाल्यास आधी शेजाऱ्यास सांगावे. हे औषध वाऱ्यावर बांध ओलांडून जाते आणि कपाशीस ते अत्यल्प प्रमाणातही बाधते. आपल्या शेतात आपण काहीही करू, असे म्हणणाऱ्याने वारा सात-बारा पाहून वाहत नाही, हे समजून असावे.

तिसरी, जबलपूरच्या तण संशोधन संस्थेकडून दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टचा आठवडा गाजर गवताच्या जागृतीसाठी पाळला जातो. त्या आठवड्यात आपल्या प्रत्येक गावाने एक दिवस अंगणे, शाळेचे आवार, देवळाची जागा, रस्त्याच्या कडा व बांध स्वच्छ करावे. एकट्याने आपले अंगण स्वच्छ केले व शेजाऱ्याचे फुलावर राहिले, तर ते श्रम वाऱ्यावर गेले. जी जागा कोणाचीच नाही, तीच सर्वांच्या तणाची बीजशाळा असते. तेथे तलाठी येणार नाही, ग्रामपंचायतीचा शिपाईही रोज येणार नाही. आपणच गेले पाहिजे.

चौथी, विकतचे खत घेताना ढीग उकरून पाहावा. शेणाचा वास येत असेल, हातास ऊब लागत असेल अथवा गाठी दिसत असतील, तर ते खत अंगणात अथवा शेतात तसेच पसरू नये. आपल्या खड्ड्यात पुन्हा कुजवून मग वापरावे.

ह्या सूचनांत नवे काही नाही, हे मी जाणतो. आपले वाडवडील अंगण दररोज झाडीत व सारवीत, बांधावरचे गवत बैलांसाठी फुलापूर्वीच कापीत, आणि पंप नव्हता म्हणून तो उसना देण्याचा प्रश्नही नव्हता. आपल्यापाशी साधने अधिक आली, तेव्हा जबाबदारीही अधिक आली. उसन्या वस्तूबरोबर आता तिची हकीकतही दिली पाहिजे.

सरकारी दप्तरात नुकसानीचा पंचनामा लिहिताना शेवटी कारणाचा रकाना भरावा लागे. पाऊस, गारपीट, कीड अशी उत्तरे मी हजारो वेळा लिहिली. आप्पांच्या कपाशीचा पंचनामा कोणी केला नाही. केला असता, तर त्या रकान्यात माझे नाव लिहावे लागले असते. ते मी येथे लिहिले आहे. दुसऱ्या कोणास ते लिहिण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हा प्रपंच.